पेसमेकरच्या बाजूची शीर बंद दिसली, म्हणजे ती बाजू संपली का?

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वडील ६४ वर्षांचे, घरची केळीची शेती. ९ वर्षांपूर्वी हार्ट ब्लॉक झाला म्हणून डाव्या बाजूला दोन तारांचा पेसमेकर बसवला. आता बॅटरी संपत आली आहे आणि इकोमध्ये हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलंय. बॅटरी बदलतानाच एक जादा तार टाकावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून हातातून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून शिरेचा फोटो काढला. त्यात डाव्या बाजूची शीर ‘पूर्ण बंद’ दिसली. ‘आता उजव्या बाजूने सगळं नवीन बसवायचं म्हणतात. शीर बंद म्हणजे हाताला धोका आहे का? जुन्या तारा काढून टाकाव्यात का? बिनतारेचा पेसमेकर निघालाय, तो चालेल का? मुंबईला न्यावं का?’

सगळ्यात आधी, तुमच्या वडिलांच्या हाताला धोका नाही. आणि उजव्या बाजूला होकार देण्याआधी थोडं थांबा. गेली २२ वर्षं मी जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात पेसमेकर बसवतो आहे. फोटोत बंद दिसणारी शीर प्रत्यक्षात पूर्ण बंद नसते, असं मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

‘ब्लॉक’ या एका शब्दाने आपल्याकडे फार घोळ होतो. वडिलांना ९ वर्षांपूर्वी झाला तो हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा विजेचा संदेश तुटला. अँजिओप्लास्टी ज्यासाठी करतात तो ब्लॉक वेगळा, तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत असतो. आणि आता जी बंद दिसते आहे ती हातातून हृदयाकडे परत येणारी शीर. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यामुळे ‘शीर बंद’ ऐकून घरात कोणी ‘पुन्हा अटॅक येणार’ म्हणत असेल, तर त्यांना हे समजावून सांगा.

पेसमेकरची तार गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून आत जाते. तिथून छातीच्या मधोमध येते, मग वरच्या महाशिरेतून खाली उतरून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत पोचते. डाव्या बाजूचा रस्ता लांब असतो आणि छातीत जवळजवळ आडवा धावतो. उजव्या बाजूचा आखूड आणि बराचसा उभा. तार डावीकडून टाकली की तिचं वळण हृदयात नीट बसतं, शिवाय बहुतेक लोक उजव्या हाताने काम करतात, म्हणून आपण डावी बाजू पसंत करतो. पण त्या लांब रस्त्यात तार शिरेच्या भिंतीला जास्त ठिकाणी टेकते. जिथे टेकते तिथे आतलं नाजूक अस्तर खरचटतं, त्यावर रक्ताचा पातळ थर साचतो, तो हळूहळू घट्ट होतो आणि तारेभोवती चामड्यासारखं आवरण तयार होतं. तारा जितक्या जास्त, तितकी ही शक्यता वाढते. बसवताना डॉक्टरांनी काही चुकीचं केलं म्हणूनच असं होतं, असं मुळीच नाही. निरनिराळ्या अभ्यासांत पेसमेकरवाल्या रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत लोकांच्या शिरा थोड्याफार अरुंद झालेल्या आढळल्या आहेत. पूर्ण बंद झालेल्यांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत सांगितलं जातं.

मग इतक्या लोकांचे हात सुजत का नाहीत? साक्रीकडे पांझरेवरची फड पद्धत पाहिली असेल तर हे पटकन समजेल. मुख्य पाटात एका रात्रीत दरड कोसळली तर पाणी काठावरून फुटतं. पण गाळ वर्षानुवर्षं थोडाथोडा साचत गेला तर पाणी आजूबाजूच्या चाऱ्या शोधतं, त्या हळूहळू रुंद होतात आणि शेवटच्या वावरापर्यंत पाणी पोचतच राहतं. शरीरात तेच होतं. खांद्याभोवतीच्या, मानेतल्या आणि छातीच्या कातडीखालच्या लहान शिरा मोठ्या होतात आणि हाताचं रक्त त्यांच्या वाटेने हृदयाकडे जातं. वडिलांचा सदरा काढून उजेडात डावा खांदा पाहा, निळसर शिरांचं जाळं दिसण्याची बरीच शक्यता आहे. ते दिसलं तर घाबरू नका, त्याच वाटेने हाताचं काम चालू आहे.

अशा जुन्या, त्रास न देणाऱ्या बंद शिरेला कुठलंही औषध लागत नाही. रक्त पातळ करायची गोळी घेतली म्हणून ९ वर्षांचं आवरण विरघळत नाही. दोन प्रसंग मात्र वेगळे धरायचे. पेसमेकर बसवल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत हात सुजला, जड वाटला, निळसर पडला, तर ती ताजी गुठळी असू शकते. तिच्यावर वेळेत औषध सुरू करावं लागतं. अशावेळी माणसं ‘डॉक्टर, हात जड लागस’ एवढंच सांगतात आणि घरचे टाक्यांचं दुखणं समजून सोडून देतात, ते करू नका. दुसरा प्रसंग चेहऱ्याच्या सुजेचा. सकाळी उठल्यावर तोंड, मान सुजलेली, खाली वाकल्यावर डोकं भरून येतं, मानेच्या शिरा फुगलेल्या, असं असेल तर हाताच्या शिरेऐवजी वरच्या महाशिरेतच अडथळा आल्याची शंका घ्यावी लागते. तिथे वेळ घालवायचा नसतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

फोटो काढताना डाय कोपराजवळच्या शिरेतून सोडतात. १० ते २० मिली डाय आणि मागून सलाईनचा जोर. तो डाय वर चढतो, अडथळ्यापाशी आला की सोप्या वाटेने, म्हणजे त्या रुंद झालेल्या चाऱ्यांतून निघून जातो. अडथळ्यात केसाएवढी फट शिल्लक असली तरी तिच्यात शिरण्याइतका दाब डायवर राहत नाही. त्यामुळे फोटोत मधला तुकडा दिसतच नाही आणि रिपोर्टात ‘पूर्ण बंद’ असं लिहिलं जातं. तोच डाय एका बारीक नळीतून थेट अडथळ्याच्या तोंडाशी सोडला की बरेचदा एक नागमोडी रेष पलीकडे जाताना दिसते. ती रेष दिसली की निम्मं काम झालं.

त्यापुढचं काम सब्रीचं. टोकाला वाकवलेली मऊ नळी अडथळ्याला टेकवायची आणि तिच्यातून पाणी लागताच गुळगुळीत होणारी वायर हलक्या हाताने, फिरवत फिरवत पुढे न्यायची. ती जाईना तर हृदयाच्या बंद धमन्यांसाठी वापरतात तशी अगदी बारीक वायर घ्यायची. जोर लावायचा नाही. वायर पलीकडे गेली की एक्स-रेवर ती हृदयातून खाली उतरून पोटातल्या महाशिरेत जाते, याची खात्री करायची. नाहीतर ती एखाद्या चारीत भटकलेली असते आणि पुढची सगळी मेहनत चुकीच्या जागी होते. मग लहानापासून मोठ्यापर्यंत एकेक डायलेटर, म्हणजे रस्ता रुंद करणारी नळी, चढवायचे. तेवढ्याने भागलं नाही तर ६ ते ८ मिलिमीटरचा बलून फुगवून रस्ता मोकळा करायचा. बलून फुगतो तेव्हा काही सेकंद खांद्यात चांगलंच दुखतं. रुग्णाला आधीच सांगून ठेवलं तर तो हलत नाही. या शिरेत आम्ही स्टेंट घालण्याचं टाळतो. तारा स्टेंट आणि भिंत यांच्यात कायमच्या चेपल्या जातात आणि पुढे इन्फेक्शन झालं तर त्या सुखरूप बाहेर काढणं फार अवघड होतं.

बलूनची ही पद्धत पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांच्या हातात रुळवण्यात अमेरिकेतल्या डॉ. सेथ वर्ली यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या गटाने २०११ मध्ये ११ वर्षांतल्या ३७३ रुग्णांचा अनुभव मांडला. हे काम पेसमेकर बसवणाऱ्यांनीच करता येतं आणि ते सुरक्षितपणे होतं, हा त्याचा गाभा होता. ते वाचल्यावर मी माझी कामाची रीत बदलली.

बदलण्याआधीचा एक प्रसंग मला आजही टोचतो. सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका बाईंना मी बॅटरी बदलण्यासाठी आणि एक तार वाढवण्यासाठी टेबलावर घेतलं. आधी डायचा फोटो काढला नाही. जुना खिसा, म्हणजे पेसमेकर ठेवलेली कातडीखालची जागा, उघडला, सुई शिरेत गेली, रक्त आलं, वायर मात्र चार बोटांवर अडली. पुन्हा पुन्हा सुई टोचत दीड तास गेला. शेवटी फक्त बॅटरी बदलून टाके घातले आणि तीन महिन्यांनी उजवी बाजू उघडावी लागली. दोन ऑपरेशनं, दोन्ही बाजू वापरलेल्या आणि बाईंचं वय फक्त ५२. पाच मिनिटांच्या फोटोने हे टळलं असतं. तेव्हापासून जुन्या बाजूला तार वाढवायची असेल तर फोटोशिवाय मी चाकू हातात घेत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तो आधी काढला, ही चांगली गोष्ट आहे. त्या फोटोचा अर्थ लावण्यापुरतं माझं मत वेगळं आहे.

उजव्या बाजूला गेलं तर काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. वय ८४ असतं तर मी कदाचित स्वतःच तो सल्ला दिला असता. पण वडील ६४ चे आहेत. त्यांचा हार्ट ब्लॉक कायमचा आहे, म्हणजे पेसमेकर जन्मभर लागणार. बॅटरी आणखी दोन वेळा तरी बदलेल. कधीतरी एखादी तार खराब होईल. कधी इन्फेक्शन झालं तर एक बाजू पूर्ण रिकामी करून दुसरीकडे जावं लागेल, आणि त्या दिवसासाठी उजवी बाजू कोरी हवी. आज ती वापरली तर डावीकडच्या दोन जुन्या तारा आणि उजवीकडच्या नव्या तारा सगळ्या एकाच वरच्या महाशिरेत दाटीने बसणार. हाताची शीर बंद पडली तर शरीर सांभाळून घेतं. महाशीर बंद पडली तर वर सांगितलेला चेहऱ्याच्या सुजेचा त्रास सुरू होतो. आणखी एक बाब मधुमेहींची. वडिलांना साखर असेल आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) वाढत चाललं असेल, तर पुढे कधी डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनीचा जोड, करावा लागला तर तो ज्या बाजूच्या शिरा मोकळ्या आहेत त्याच बाजूला करावा लागतो. म्हणून माझ्या लेखी उजवी बाजू ही बियाण्यासाठी राखलेल्या धान्यासारखी आहे. अगदीच इलाज नसेल तरच तिला हात लावावा.

डावीकडून खरंच जमलं नाही तर मधला एक मार्ग आहे. एकच नवी तार उजव्या शिरेतून टाकायची आणि छातीच्या हाडासमोरून कातडीखालून बोगदा करून डाव्या खिशात आणायची. पेसमेकर डावीकडेच राहतो. उजवी बाजू थोडी वापरली जाते, पण सगळी नव्हे.

जुन्या तारा काढण्याबद्दल. ९ वर्षांची तार ओढून निघत नाही. शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला ती चिकटलेली असते. तिच्यावरून खास आवरण चढवून, लेसरने किंवा फिरत्या कडेने ते चामडं सोडवत सोडवत हृदयापर्यंत जावं लागतं. यात फायदा असा की तार निघते तेव्हा तिच्या जागी बोगदा राहतो आणि त्याच बोगद्यातून नवी तार टाकता येते. धोका मोठा आहे. महाशीर किंवा हृदयाची भिंत फाटू शकते. अनुभवी केंद्रांतही गंभीर गुंतागुंत शंभरात एक-दोघांना होते आणि तेव्हा हृदयाचा सर्जन त्याच खोलीत तयार लागतो. इन्फेक्शन असेल तर हा धोका पत्करावाच लागतो, त्याला पर्याय नाही. निव्वळ रस्ता करण्यासाठी मात्र मी आधी वायर आणि बलूनचा प्रयत्न करीन, तार काढण्याचा विचार त्यानंतर. काढायचीच ठरली तर हे काम नेहमी करणाऱ्या मोठ्या शहरातल्या केंद्रातच करा.

बिनतारेचा पेसमेकर ही खरोखर मोठी प्रगती आहे. जेमतेम एका इंचाची कुपी, वजन दोन ग्रॅमच्या आसपास, जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात बसवतात. खांद्याच्या शिरांशी तिचा संबंधच येत नाही. मायक्रा नावाचं असं यंत्र माणसात पहिल्यांदा २०१३ च्या डिसेंबरात बसवलं गेलं आणि २०१६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्ही बाजूंच्या शिरा गेलेल्या, डायलिसिसवरच्या किंवा वारंवार इन्फेक्शन झालेल्या रुग्णाला फक्त ठोके टिकवायचे असतील, तर मी आनंदाने ते सुचवतो. तुमच्या वडिलांची गरज मात्र निराळी आहे. त्यांचं पंपिंग उतरलंय. उजव्या कप्प्यातून वर्षानुवर्षं ठोके दिल्यामुळे हृदयाच्या दोन बाजू एकसाथ आकुंचन पावत नाहीत, हे त्याचं कारण असू शकतं. त्यावर इलाज म्हणजे डाव्या बाजूलाही योग्य वेळी संदेश पोचवणं, म्हणूनच जादा तार. ती कुपी बसते उजव्या कप्प्यात, म्हणजे जी अडचण आहे तीच पुढे चालू राहील. भरपूर खर्च करून मूळ दुखणं तसंच राहील, म्हणून या वेळी तो विचार सोडा.

त्या जादा तारेबद्दल दोन गोष्टी डॉक्टरांना जरूर विचारा. पंपिंग उतरण्यामागे हृदयाच्या धमन्यांतला ब्लॉक तर नाही ना, हे अँजिओग्राफीने पाहून घेतलंय का? आणि तार कुठे ठेवणार? हृदयाच्या बाहेरच्या बाजूच्या शिरेत ठेवण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. हल्ली हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात खोल बसवून डाव्या बंडलाच्या, म्हणजे डाव्या बाजूला संदेश नेणाऱ्या, नैसर्गिक वाटेनेच संदेश देण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी वापरतात. खांद्याच्या शिरेतून वाट दोन्हीला लागतेच.

खांद्याकडून काहीच साधलं नाही तर बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन सर्जन हृदयाच्या बाहेरून तार टाचू शकतात. क्वचित जांघेच्या शिरेतूनही तार टाकतात. हे शेवटचे मार्ग आहेत, पण आहेत, एवढं मनाशी असू द्या.

घाई किती करायची? बॅटरी ‘बदलण्याची वेळ झाली’ असं यंत्र दाखवतं तेव्हा साधारण तीन महिन्यांची शिल्लक धरलेली असते. वडिलांचे ठोके पूर्णपणे पेसमेकरवर असतील तर त्या तीन महिन्यांच्या टोकापर्यंत ताणू नका. दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे मात्र नक्की आहेत. तार आणि बॅटरी एकाच वेळी व्हावी असा आग्रह धरा, कारण खिसा दर वेळी उघडला की इन्फेक्शनचा धोका वाढतो. काम सोपं नाही हेही आधीच माहीत असू द्या. अमेरिकेतल्या रिप्लेस नावाच्या नोंदणीत नुसती बॅटरी बदललेल्यांपैकी ४ टक्के लोकांना सहा महिन्यांत मोठी गुंतागुंत झाली होती, सोबत तार वाढवलेल्यांमध्ये ते प्रमाण १५.३ टक्के होतं. म्हणून गाव कोणतं यापेक्षा हात कोणाचा हे महत्त्वाचं. जळगाव-धुळ्यात आता कॅथलॅब आहेत आणि वायर-बलूनचं हे काम करणारे डॉक्टर जवळपास मिळू शकतात. रावेरकडची माणसं इंदूरला जातात, नंदुरबारची सुरतला, भुसावळहून रात्रीची गाडी धरली की सकाळी मुंबई. कुठेही जा, पण एक प्रश्न सरळ विचारा, ‘बंद शीर उघडून तार टाकण्याचं काम तुम्ही स्वतः किती वेळा केलंय, आणि नाही जमलं तर त्याच टेबलावर पुढे काय करणार?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर आहे, पण तुमच्या कामातलं नेमकं काय बसतं आणि काय नाही, ते दाखल होण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

तोपर्यंत वडिलांना डाव्या खांद्यावर केळीचा घड उचलू देऊ नका. गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यात तार दाबली जाऊन तुटू शकते, आणि त्यांची प्रत्येक तार आता मोलाची आहे. तापबीप आला आणि गावात सलाईन लावायची वेळ आली तर डाव्या कोपराची शीर सोडून दुसरीकडे लावायला सांगा, पुन्हा फोटो काढायला ती लागेल. उजव्या गळपट्टीखालच्या मोठ्या शिरेत, अगदी जिवावरचा प्रसंग नसेल तर, कोणालाही नळी घालू देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, कधी आणि किती थांबवायची ते ऑपरेशन करणारा डॉक्टर सांगेल.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना पेसमेकरचं कार्ड, इको, ताजा क्रिएटिनिन आणि ९ वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड घ्या. आणि डायच्या फोटोची सीडी मागून घ्या. नुसता रिपोर्टाचा कागद नको. ‘पूर्ण बंद’ हे दोन शब्द वाचून कोणालाच काही ठरवता येत नाही. डाय कुठे थांबतो, पलीकडे शिरेचं तोंड पुन्हा भरतं का, मधलं अंतर एक सेंटीमीटर आहे की सहा, हे हलत्या चित्रातच दिसतं, आणि डावी बाजू वाचेल की नाही ते त्यावरूनच ठरेल.